बिनकड्याचा शनी

सोनईवरून शिंगणापूरला जाताना कुणी मोटारसायकलवाला तुमच्या गाडीच्या बरोबरीने पळायला लागला, काचेवर टकटक करून "पुढं पार्किंग बंद हाय, गाडी इकडं घ्या" म्हणाला, तर घाबरू नका. तो लुटारू नसतो, लटकू असतो. गाडीला लटकायचं, गिऱ्हाईक ठरलेल्या पूजेच्या दुकानात नेऊन सोडायचं आणि दुकानदाराकडून आपला वाटा घ्यायचा, हा त्याचा धंदा. पुढं पार्किंग बंद नसतं, हे सांगायला नकोच.

छगन हा आमच्या भागातला नावाजलेला लटकू. नंबरप्लेट तो इतक्या लांबून वाचायचा की गाडीवाल्याला आपण कुठून आलो हे आठवायच्या आत छगनने त्याच्या भाषेत नमस्कार घातलेला असायचा. गुजरातची गाडी दिसली की गुजराती, इंदूरकडची दिसली की हिंदी. तेलंगणाच्या गाड्यांसाठी त्याने चार शब्द पाठ केले होते. त्यातला एक बहुधा शिवी असावा, कारण तो ऐकला की लोक काच वर करायचे.

मूळचा तो पाथर्डीकडचा. आईबाप दर साली ऊस तोडायला या बाजूला यायचे. एका हंगामात त्याची आई साळूबाई आजारी पडली, परत जायचं राहिलं आणि घर इथलंच झालं. छगनच्या हातात कोयता कधी बसला नाही. तोंड मात्र लहानपणापासून धारदार होतं, म्हणून तो रस्त्यावर आला.

त्याला एकच मुलगी, पूजा. ती पाचवीत गेली तेव्हा नव्याने आलेल्या स्टेला मॅडमनी वर्गात प्रत्येकाला विचारलं, वडील काय करतात. पूजा म्हणाली, "ऊसतोडीला असतात. इथं नसतात." त्या वेळी तिचे वडील शाळेच्या फाटकापासून हाकेच्या अंतरावर एका इनोव्हाच्या मागे धावत होते. वर्गातल्या पोरींना खरं माहीत होतं, पण मॅडमसमोर कुणी बोललं नाही. मॅडम मनाने चांगल्या. ऊस सुरू झाला की विचारायच्या, "गेले का गं वडील?" हंगाम संपला की विचारायच्या, "आले का?" मग पूजाला वडिलांना वीटभट्टीवर पाठवावं लागायचं. या पोरीने बापाला घरबसल्या निम्मा महाराष्ट्र फिरवला.

छगनला हे पालकसभेच्या दिवशी कळलं. तो हौसेने शाळेत निघाला, तर पूजाने फाटकातच अडवलं.

"तुमी न्हाई यायचं. तुमी कोल्हापूरला हाय."

"मी?"

"पौर्णिमेला येनार हाय, असं सांगितलंय."

तो परत फिरला. एरवी कुणी त्याला अडवलं तर अर्धा तास वाद घालणारा माणूस, त्या दिवशी गाडी ढकलत घरी गेला. मला हे त्यानेच सांगितलं, आणि सांगताना हसत होता. पण गाडीत पेट्रोल असताना ती ढकलत का नेली, असं विचारलं तर तो पेट्रोलच्या भावावर बोलायला लागला.

आता आमच्या दुर्बिणीकडे येऊ. सोनईच्या पुढे रस्त्याला लागून एक बंद पडलेलं दूध संकलन केंद्र आहे. त्याच्या गच्चीवर आमची वेधशाळा. वेधशाळा म्हटल्यावर डोळ्यांसमोर जो पांढरा घुमट येतो, तो पुसून टाका. आमच्याकडे रुळांवर सरकणारं पत्र्याचं छप्पर आहे, आणि ते उसाच्या ट्रॉल्या बनवणाऱ्या ज्ञानेश्वरने केलंय. सवयीने त्याने मागच्या बाजूला ‘आईचा आशीर्वाद’ असं रंगवूनही टाकलंय. छप्पर सरकवायला चार माणसं लागतात, म्हणून पहिले चार पाहुणे आकाशाच्या आधी आईचा आशीर्वाद ढकलतात.

हे सगळं उभं केलं कृपादान सरांनी; मी त्यांच्या हाताखालचा मदतनीस. सर नगरला विज्ञान शिकवायचे. निवृत्त झाल्यावर गावोगाव फिरून लोकांच्या मागे लागले. कुणी पाईप दिला, कुणी सिमेंट, पुण्याच्या हौशी मंडळींनी दुर्बिणीचा आरसा घासून दिला. लोकांना आकाश दाखवायचा कार्यक्रम शनिवारी संध्याकाळी ठेवला, कारण शनिवारी रस्त्याला गर्दी. "रविवार माझा चर्चचा, शनिवार तुमचा," असं सर म्हणायचे. कुणी दुर्बिणीला डोळा लावून विचारलं, "सर, ह्योच का त्यो देव?" तर त्यांचं उत्तर ठरलेलं: "हा ग्रह. देवाचं तुमचं तुम्ही बघा." एका आजींनी एकदा दुर्बिणीच्या स्टँडवर बाटलीभर तेल ओतलं. मी धावलो, तर सर म्हणाले, "राहू दे. कुरकुरत होताच."

आरसा पुण्याहून आला त्या दिवशी छगन त्या गाडीच्या मागे लागला होता. पार्किंग बंद, व्हीआयपी आलेत, पोलीस गाडी उचलतात, असं सगळं ऐकवत तो थेट दूध केंद्राच्या अंगणात आला. गाडीतून सर उतरले.

"पुढं पार्किंग बंद आहे?" सरांनी विचारलं.

"व्हय सर. लई गर्दी हाय."

"मी इथंच राहतो, छगन."

छगनने मोटारसायकल वळवली. सरांनी हाक मारून थांबवलं.

"ओरडतोस चांगलं. शनिवारी आमच्यासाठी ओरडशील का?"

"काय इकायचं हाय?"

"काही नाही. फुकट आहे."

"फुकट म्हनल्यावर कोन येईल? लोकाला वाटंल, यात कायतरी गडबड हाय."

"ते तू बघ. एकच अट आहे. खोटं बोलायचं नाही."

छगनने डोकं खाजवलं. मग खऱ्याखुऱ्या काळजीने म्हणाला, "मंग बोलू काय?"

पण तो आला. गच्चीखाली त्याने चहाची टपरी टाकली, लटकूगिरी सोडली, आणि शनिवारी संध्याकाळी टपरी बायकोवर सोपवून रस्त्याला उभा राहायला लागला. त्याची आरोळी अशी होती: "कडं घातलेला शनी, सोताच्या डोळ्यानं बघा. तेल न्हाई, हार न्हाई, पावती न्हाई. चपला पन काढू नका." लोक तरी काढायचेच. एवढं मोठं गोल कडं अंगाभोवती घेऊन तरंगणारा तो पिवळा गोळा दिसला की माणसं मागच्याला जागा द्यायचं विसरायची. काहीजण हात जोडायचे. साडेसातीने बेजार झालेला एक कापडवाला बराच वेळ बघून म्हणाला, "एवढुसा आहे की." जाताना तो चहाचे दोन कप जास्त पिऊन गेला.

छगन स्वतः पहिले काही शनिवार डोळा लावायला तयार नव्हता. शनीच्या नजरेला नजर द्यायची नाही, हे त्याच्या हाडात भिनलेलं. सरांनी आग्रह केला नाही. एके दिवशी गर्दी ओसरल्यावर त्याने तिरका उभा राहून, एक डोळा घट्ट मिटून, चोरून बघितलं, आणि सरळ उभा राहून पुन्हा बघितलं. "सर," तो म्हणाला, "ह्ये खरंच हाय की." इतके शनिवार लोकांना ओरडून सांगून झाल्यावर.

घरी जाऊन पूजाला म्हणाला, "आता सांग मॅडमला. म्हनावं, पप्पा दुर्बिनीवर असत्यात."

"सांगते," पूजा म्हणाली. "अजून थोडं बघू."

सरकारी नोकरीत नव्या माणसाला ठेवतात तसं पोरीने बापाला प्रोबेशनवर ठेवलं होतं. छगनचं त्यावर म्हणणं एवढंच, की मुदत किती ते तरी कळावं.

आता कड्याची गोष्ट. पुढच्या साली ते बारीक दिसायला लागलं. पहिल्यांदा थाळीसारखं होतं, ते आता डोळा बारीक केल्यासारखं. सर छगनला म्हणाले, "पुढच्या वर्षी कडं जवळजवळ दिसायचं नाही, बरं का. आरोळी बदलावी लागेल."

"सर, तुमच्या डोळ्याचं आपरेशन करून घ्या," छगन म्हणाला. "मोतीबिंदू पिकला."

२०२५चा पाऊस उघडला, शनी संध्याकाळी वर यायला लागला, आणि दुर्बिणीत दिसला तो कुणीतरी चेंडूत सुई आरपार खुपसल्यासारखा. नोव्हेंबरात सुईही धड दिसेना. हवा जरा हलली की नुसता पिवळा ठिपका. सर रांगेतल्या प्रत्येकाला कारण सांगायचे, पण त्यांचा आवाज पाचव्या माणसापर्यंत पोचत नाही. आणि खाली रस्त्यावर छगनची आरोळी जुनीच चालू: कडं घातलेला शनी. मी त्याला टोकलं, तर म्हणाला, "येईल की परत. ढगाबिगाचं असंल."

मग व्हायचं ते झालं. नाशिकच्या एका पाहुण्याने मोबाईलवर व्हिडिओ काढून टाकला: ‘शिंगणापूर रोडला नवीन गंडा. शनी दाखवतो म्हणतात आणि ठिपका दाखवतात.’ व्हिडिओत छगन ओरडताना स्वच्छ दिसत होता. तो व्हिडिओ आमच्या गावात नाशिकच्या आधी पोचला. कट्ट्यावरची पोरं छगनला बघून म्हणायला लागली, "आलं बघा ठिपकं." त्याचे जुने जोडीदार टपरीवर चहा प्यायला यायचे आणि समजूत घातल्यासारखं म्हणायचे, "लटकू तो लटकूच, छगनराव. आमी निदान तेल तरी खरं देतो."

त्यात स्टेला मॅडमनी ठरवलं, सातवीच्या, म्हणजे पूजाच्याच वर्गातल्या, मुलींना येत्या शनिवारी दुर्बीण दाखवायला आणायचं.

त्या रात्री पूजा जेवताना म्हणाली, "शनिवारी तुमी वर येऊ नका. रस्त्यावर पन नको. टपरीत बसा, मागं तोंड करून."

"चहा मागं तोंड करून कसा करू?"

"मम्मी करील."

छगनने भाकरी मोडली आणि ताटात तशीच ठेवली. तो भिऊन गेला होता. त्याची खात्री झाली होती की आपण देवाच्या नावाने रस्त्यावर ओरडलो म्हणून देवाने कडं काढून ठेवलंय. शुक्रवारी तो गुपचूप शिंगणापूरला जाऊन तेल वाहून आला. तेवढ्याने भागेना, म्हणून त्याने स्वतःच्या डोक्याने एक उपाय केला.

शुक्रवारी संध्याकाळी आम्ही उद्याची तयारी करायला गच्चीवर गेलो. सरांनी शनीवर दुर्बीण लावली, डोळा लावला आणि म्हणाले, "अंधुक दिसतंय." काचा पुसल्या, तरी अंधुक. मग त्यांनी दुर्बिणीच्या तोंडात हात घातला. आतून एक कागद निघाला. कॅलेंडरमधून कातरलेलं, कड्यासकट शनीचं रंगीत चित्र, पुठ्ठ्यावर चिकटवून दोऱ्याने मधोमध टांगलेलं.

छगन जिन्यात उभा होता.

"हे काय आहे?" सरांनी विचारलं.

"मदत," छगन म्हणाला.

मला हसू आवरेना. सर हसले नाहीत. "अरे, दुर्बिणीला जवळचं दिसत नाही. तोंडासमोर हत्ती बांधलास तरी हत्ती दिसायचा नाही. नुसता अंधार वाढेल."

"ते म्हाईत नव्हतं."

"माहीत असतं तर चांगल्या ठिकाणी चिकटवला असतास?"

छगन खाली बसला. "सर, उद्या पूजाचा वर्ग येनार हाय. दोन सालं मी एक खोटं बोललो न्हाई. आन् वरचा खोटा पडला. आता मी काय दावू तिला?"

सर त्याला घेऊन टपरीवर आले. चहा झाल्यावर त्यांनी बशी पुसली आणि त्याच्या डोळ्यांसमोर धरली, थोडी तिरपी. "ही काय आहे?"

"बशी."

सरांनी ती हळूहळू आडवी केली, तिची कड नेमकी त्याच्या डोळ्यांच्या रेषेत येईपर्यंत. "आता?"

"कड दिसतीय. रेघ."

"बशी कुठं गेली?"

"कुठं न्हाई. हाय की तितंच."

"मग झालं. शनीचं कडं रुंद आहे, पण जाडीला काहीच नाही. सध्या ते आपल्याला कडेनं दिसतंय. पुढच्या वर्षी थोडं उघडेल, त्याच्या पुढं आणखी. असं बंद व्हायचा योग चौदा-पंधरा वर्षांनी एकदा येतो."

छगनने बशी सरांच्या हातातून घेतली. आडवी केली, तिरपी केली, परत आडवी. बायको म्हणाली, "फुटंल." त्याला ऐकू गेलं नाही.

"पंधरा वर्षातनं एकदा?" त्याने विचारलं.

"साधारण."

"आन् ह्ये तुमी मला आत्ता सांगताय?"

"मी मागच्या वर्षी सांगितलं. तू मला ऑपरेशन करायला सांगितलंस."

शनिवारी दिवस बुडताना सातवीच्या मुली आल्या. स्टेला मॅडमनी त्यांना जिन्यात ओळीने उभं केलं. पूजा मधे कुठेतरी, मान खाली. छगन कबूल केल्याप्रमाणे टपरीत, मागे तोंड करून बसलेला. त्याची पाठ मात्र इतकी ताठ होती की येणारा-जाणाराही वळून बघेल. छप्पर सरकवून झालं होतं. सर वर रांगेच्या टोकाला काहीतरी सांगत होते आणि पहिल्या पाच मुली मान हलवत होत्या.

तेवढ्यात जळगावकडची एक मिनीबस थांबली. दर्शन करून परत निघालेले लोक. पुढच्या सीटवरचा जाडसर माणूस खाली उतरला, मोबाईल बघितला, टपरीकडे बघितलं आणि सगळ्या अंगणाला ऐकू जाईल असं म्हणाला, "ओ, तो ठिपकावाला तुम्हीच ना? व्हिडिओतला?"

जिन्यातल्या मुली वळल्या. मॅडमही वळल्या. पूजा भिंतीकडे बघायला लागली.

छगन उठला. मी रांगेशेजारी उभा होतो, मला त्याचा चेहरा दिसत होता. जुनी सगळी उत्तरं त्याच्या जिभेवर आली असणार: तो मी नव्हे, भाऊ होता, त्या दिवशी ढग होते, आज एकदम क्लिअर हाय, चला. त्याने एक कोरडी बशी उचलली आणि अंगणात आला.

"मीच हाय," तो म्हणाला. "आन् साहेब, ते गिऱ्हाईक खरं बोललं. मी कडं म्हनून वरडत हुतो, आन् कडं दिसत नव्हतं. मला कारन म्हाईत नव्हतं. काल कळलं."

"म्हणजे आजही दिसणार नाही?"

"न्हाई दिसनार. लई झालं तर एक रेघ दिसंल, ती पन नशीब असंल तर."

"मग काय बघायला यायचं?"

"तेच," छगन म्हणाला. "कडं तर पुढच्या साली दिसंल, त्याच्या पुढच्या साली दिसंल. मागच्या साली मी ह्याच रस्त्यावरनं हजारो लोकाला दावलं. न दिसनारं कडं मातर पंधरा वर्षातनं एकदाच. आज ज्यानं ह्ये बघितलं न्हाई, त्याला फुडच्या बारीपतूर थांबावं लागनार. ह्या पोरी हायेत ना जिन्यात, त्यांची लग्नं हून लेकरं शाळंत जात्याल तवा."

मुली खुदखुदल्या. जाडसर माणसाने कपाळावर आठ्या घातल्या, पण मोबाईल खिशात ठेवला. छगनने बशी उचलून त्याच्या नाकासमोर धरली. "ह्ये बघा. ही बशी समजा कडं. आता मी ती आडवी करतो. डोळा बारीक करू नका. काय दिसतंय?"

"कड."

"बशी गेली का?"

"नाही."

"मंग गंडा कोनी घातला? मी का बशीनं?"

बसमधले लोक उतरायला लागले. एका बाईने बशी मागून घेऊन स्वतः आडवी करून बघितली आणि नवऱ्याच्या हातात दिली. छगनच्या अंगात आलं होतं, पण नेहमीची आरोळी नव्हती. शब्द शोधत बोलत होता, म्हणून आवाज खाली गेला होता. कड्यातला बर्फ, दगडाचा चुरा, घरापेक्षा मोठे तुकडे, सगळं काल सरांनी सांगितलेलं. कुठे अडलं की वर सरांकडे बघायचा. सर कठड्यावरून वाकून ऐकत होते. त्यांनी एकदाही दुरुस्ती केली नाही. दोन जागी करायला हवी होती.

जिन्यातल्या मुली पुढे सरकेनात. सगळ्यांच्या माना अंगणाकडे. वरच्या पायऱ्यांवर ऐकू येत नव्हतं, तिथून कुजबुज सुरू झाली, काय म्हणतोय, काय म्हणतोय.

तेव्हा मधल्या पायरीवरून एक आवाज आला, अगदी घरातल्यासारखा, थोडा वैतागलेला.

"पप्पा, मोठ्यानं बोला. वर काय ऐकू येत न्हाई."

छगन थांबला. बशी हातात तशीच वर. त्याने जिन्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर पुढचं वाक्य आलं नसतं, असं मला वाटतं. एकदा घसा खाकरला आणि मग तो बोलला. आवाज असा होता की रस्त्यावरून चाललेल्या एका गाडीने वेग कमी केला.

स्टेला मॅडम पूजाच्या शेजारच्या पायरीवर होत्या. त्यांनी तिच्याकडे वळून विचारलं, "अगं, तुझे वडील तर ऊसतोडीला असतात ना?"

"आले परत," पूजा म्हणाली. "आता इथंच असतात."

रांग पुढे सरकली. पूजाचा नंबर आला तेव्हा तिने डोळा लावला आणि बराच वेळ हलेना. मागच्या मुली ढकलायला लागल्या. मी विचारलं, "दिसली का रेघ?"

"एकदा दिसली," ती म्हणाली. "थांबा ना, परत यील."